सर्जन तुसडे आहेत, गुडघा सोपवू का?

पत्र: माझं वय ६४. उजवा गुडघा सहा वर्षं दुखतोय, आता रात्री झोपेतही जाग येते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलंय असं सांगतात. पहिल्या सर्जननी फिल्म पाहिली, "वाटी बदलावी लागेल, पण तीन महिन्यांची साखर ८.६ आहे, ती खाली आणा, मग या," एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी लिहून नेलेले प्रश्न पर्समध्येच राहिले. दुसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बदलायची घाई नको, आधी दुर्बिणीतून आत साफसफाई करू. पहिल्या सर्जनकडे ऑपरेशन झालेल्या तिघांना मी भेटले. एक गृहस्थ तिसऱ्या आठवड्यातच काठीशिवाय चालतात आणि सर्जनना देव मानतात. एका बाईंना आठ महिने झाले, गुडघा दुखतोच, आत टकटक वाजतं, बाहेरची बाजू बधिर आहे. "एक्स-रेत झीज मध्यमच होती, उगाच कापलं," असं त्या म्हणतात. तिसऱ्या बाईंच्या जखमेत पू झाला, गुडघा पुन्हा उघडावा लागला. आज दीड वर्षाने त्या नीट चालतात, पण भेटेल त्याला सांगतात की तिकडे जाऊ नका. मुलगा म्हणतो, रोबोट असलेलं हॉस्पिटल बघू. मी कुणाचं ऐकू? आणि डावा गुडघाही अधूनमधून कुरकुरतो, तर दोन्ही एकदमच करून घ्यावेत का? (नाव छापू नये.)

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. साखर ८.६ पाहून त्या सर्जननी तुम्हाला तारीख न देता परत पाठवलं. साखर चढलेली असताना जखम भरायला वेळ लागतो आणि बसवलेल्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हा आकडा साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय बरेच सर्जन नवा गुडघा बसवत नाहीत. तारीख देऊन टाकणं त्यांना सोपं होतं, तुम्हीही समाधानाने घरी गेला असतात. सांगण्याची पद्धत वाईट होती, हे मान्य. सल्ला मात्र तुमच्या हिताचा होता.

मी फिजिओथेरपिस्ट. सर्जनचं काम टाक्यांपाशी संपतं आणि गुडघा आमच्या हातात येतो. वेगवेगळ्या सर्जननी केलेले गुडघे एकाच टेबलावर वाकवून बघायची ही नोकरी, त्यामुळे कुणाच्या गोड बोलण्यामागून काय निघालं आणि कुणाच्या तुसडेपणामागून काय, हे जवळून पाहायला मिळतं. बोलणं आणि गुडघा यांचा मेळ बसतोच असं नाही. म्हणून तुम्ही तिघांना भेटलात हे फार चांगलं केलंत, पण त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ मी तुमच्यापेक्षा वेगळा लावते.

तिसऱ्या आठवड्यात काठी टाकणाऱ्या गृहस्थांचं कौतुक खरं आहे, फक्त फार लवकर आलेलं आहे. तीन आठवड्यांत दिसते ती भूल देणाऱ्यांची करामत, दुखणं दाबणाऱ्या औषधांचा गुण आणि पेशंटची जिद्द. गुडघ्याची सूज कित्येक महिने रेंगाळते, ताकद वर्षभर वाढत राहते, त्यामुळे गुडघा कसा झाला हे विचारायचं ते वर्षाने. शिवाय त्यांचा दुसरा गुडघा कसा आहे, ऑपरेशनआधी मांडीचे व्यायाम ते करत होते का, हे तुम्हाला माहीत नाही. अशा गोष्टींचा एक तोटाही असतो. बहुतेक पेशंट चार-सहा आठवडे वॉकर किंवा काठी वापरतात. उद्या तुम्ही तिसऱ्या आठवड्यात वॉकर धरून उभ्या असाल, त्या गृहस्थांची आठवण येईल आणि आपलं काहीतरी बिघडलंय म्हणून रडत बसाल. काहीही बिघडलेलं नसेल.

आठ महिनेवाल्या बाईंच्या तक्रारी एकत्र ऐकल्या तर भीती वाटते, म्हणून त्या सुट्या करूया. बाहेरच्या बाजूचा बधिरपणा जवळजवळ सगळ्यांना येतो, कारण गुडघ्याच्या पुढच्या बाजूने चीर घेताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातातच. तो पट्टा हळूहळू आक्रसतो, थोडा कायमचा राहतो. टकटक म्हणजे धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचा आवाज. दुखत नसेल, सूज येत नसेल तर त्याची काळजी करायची नाही. या दोन्ही गोष्टी ऑपरेशनच्या आधी सांगायला हव्या होत्या. त्या सांगितल्या नसतील तर तिथे सर्जन चुकले, आणि ही चूक मला किरकोळ वाटत नाही. आधी सांगितलेला बधिरपणा माणूस सोसतो, न सांगितलेला बधिरपणा त्याला फसवणूक वाटतो.

उरलं दुखणं. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचात एक जण निकालावर समाधानी नसतो. काही पाहण्यांत हे प्रमाण दहात एक येतं. चांगल्या हॉस्पिटलांतूनही हे आकडे असेच येतात, आणि ऑपरेशनआधी ते पेशंटच्या कानावर क्वचित पडतात. यामागे बरीच कारणं असतात, पण तुम्ही लिहिलेला 'मध्यम झीज' हा शब्द माझ्या डोळ्यांत भरला. ज्यांची झीज कमी पण दुखणं खूप, त्यांना वाटी बदलून मिळणारा आराम बरेचदा अपुरा पडतो, कारण दुखण्याचा उगम खुब्यात, कमरेत किंवा आणखी कुठे असू शकतो. तुमच्या फिल्ममध्ये हाडाला हाड टेकलेलं आहे. म्हणजे तुमचा गुडघा आणि त्यांचा गुडघा मुळात वेगळ्या जागेवरून निघालेत. त्यांच्या अनुभवावरून सर्जनना एक प्रश्न जरूर विचारता येईल, की मध्यम झीज असताना ऑपरेशन का केलं. तुमचा निकाल मात्र त्यावरून ठरणार नाही.

त्या बाईंना माझा एक निरोप द्या. आठ महिन्यांनीही गुडघा विश्रांतीत दुखत असेल, गरम लागत असेल, सुजत असेल, तर "वेळ लागतो" हे उत्तर पुरेसं नाही. रक्ततपासणी, गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणी, नवा एक्स-रे, खुबा आणि कंबर बघणं, एवढं व्हायलाच हवं. ते सर्जन करत नसतील तर दुसऱ्याकडून करून घ्यावं.

आता पू झालेल्या बाई. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्यांच्या गोष्टीची वाटली. मला सर्जनबद्दल सगळ्यात चांगलं काही कळलं असेल तर तेही त्यांच्याकडूनच.

नव्या सांध्यात खोलवर जंतुसंसर्ग शंभरात एक-दोन जणांना होतो, अगदी नावाजलेल्या ठिकाणीही. तो झाला की सर्जनची परीक्षा सुरू होते. सुरुवातीच्या दिवसांतच गुडघा उघडून आतून धुतला, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलला आणि जंतू ओळखून योग्य अँटिबायोटिक दिलं, तर बसवलेला सांधा वाचण्याची चांगली शक्यता असते. फोनवरून गोळ्या लिहून देत दोन-तीन आठवडे घालवले, तर जंतू धातूवर थर धरून बसतात. मग बहुतेक वेळा सांधाच काढावा लागतो, मधे काही आठवडे तात्पुरता बसवावा लागतो आणि पेशंटचं वर्ष वाया जातं. त्या बाईंचा सांधा वाचला असेल, आणि आज त्या नीट चालतात, तर वेळेवर कुणीतरी धावपळ केली आहे. पुन्हा भेटून विचारा: जखम पाझरायला लागली तेव्हा फोन कुणी उचलला? सर्जन स्वतः किती तासांत आले? पुन्हा कशासाठी उघडायचं, हे समजावून सांगितलं का? "त्याच संध्याकाळी बघायला आले," असं उत्तर आलं, तर त्या एका वाक्यापुढे मी दहा देवमाणसांची शिफारस बाजूला ठेवीन. त्यांच्याच बरोबर त्या महिन्यात आणखी कुणाला पू झाला होता का, हेही विचारा. एकट्या पेशंटचा संसर्ग हे दुर्दैव असू शकतं; ओळीने तिघांना झाला असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये शंका घ्यायला जागा आहे. बाईंचा राग रास्त आहे, दोनदा कापून घेतल्यावर कुणीही रागावेल. पण त्यांच्या रागाने जो सल्ला दिला, त्याच्या उलट सल्ला त्यांचा गुडघा देतोय.

तुम्हाला खरं तर असा सर्जन हवा जो स्वतःचा हिशेब ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते, खांद्याच्या आजारांवरचं त्यांचं काम आजही नाव राखून आहे. त्यांचा हट्ट असा, की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला वर्षाने पुन्हा बोलवायचं, आणि बरं वाटलं नसेल तर का नाही हे लिहून ठेवायचं. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. १९१४ साली त्यांनी मोठ्या हॉस्पिटलचा राजीनामा दिला, आणि स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातल्या १९११ ते १९१६ मधल्या ३३७ पेशंटचा हिशेब आपल्या १२३ चुकांसकट छापून टाकला. पुढे १९७५ मध्ये स्वीडनने बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंदवही सुरू केली, २००३ मध्ये इंग्लंड-वेल्सची सुरू झाली. कुठल्या बनावटीचा सांधा किती टिकतो हे आज जे छातीठोकपणे सांगता येतं, ते अशा नोंदवह्यांमुळे. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच नोंदींवरून अंदाज आला की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. तुम्ही ६४ वर्षांच्या आहात, तेव्हा 'टिकेल का' ही चिंता सोडली तरी चालेल. एक ध्यानात ठेवा, टिकला म्हणजे फक्त पुन्हा बदलावा लागला नाही. दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

गोड बोलणाऱ्या डॉक्टरांकडे येते. अर्धा तास ऐकून घेणं हा मोठा गुण आहे, आणि 'घाई नको' हेही तत्त्व म्हणून बरोबर आहे. वाटी बदलणं हे तातडीचं ऑपरेशन नव्हे. पण झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून साफसफाई करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० पेशंटवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. आपल्याला काय केलंय हे पेशंटला माहीत नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला, आणि खऱ्या ऑपरेशनवाल्यांना खोट्यापेक्षा जास्त आराम मिळाला नाही. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीतही झिजेच्या गुडघ्याला दुर्बीण नको असंच ठामपणे म्हटलंय. गुडघा एकाच जागी अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टर प्रामाणिक असतील, आपल्या हाताला सवयीचं ते सुचवत असतील. पण हाडाला हाड टेकलेल्या जागी साफ काय करणार, हे त्यांना फिल्मवर बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि त्यांच्याकडे किंवा कुणाकडेही, ऑपरेशन ठरत आलं असेल तर "तोवर आराम पडेल" म्हणून गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्यानंतरच्या तीन महिन्यांत सांधा बसवला तर संसर्गाचा धोका वाढतो.

तर पहिल्या सर्जनकडे परत जा, साखर खाली आणून. या वेळी त्यांना बोलतं करायचं. आत शिरताच, बसायच्याही आधी सांगा: "माझे पाच प्रश्न आहेत, उत्तरं मिळाल्याशिवाय मी ठरवणार नाही." मुलाला बरोबर न्या आणि लिहून घ्यायचं काम त्याला द्या. गेल्या वर्षी किती गुडघे बदलले, त्यातले किती पुन्हा उघडावे लागले आणि कशामुळे? चीर घेण्यापासून सांधा बसवण्यापर्यंत हात तुमचेच असतील की सहायकाचे? वर्षभराने माझा गुडघा काय करू शकेल आणि काय नाही? दहाव्या दिवशी रात्री जखम ओली झाली तर मी कुणाला फोन करू? कोणत्या बनावटीचा सांधा बसवणार आणि तो किती वर्षं वापरात आहे? ऑपरेशननंतर सांध्याच्या डब्यावरचं लेबल, नाव-आकार-बॅच क्रमांकासकट, तुमच्या फाइलला लावून मागा. पुढे कधी एखादी बॅच परत मागवली गेली तर तोच पुरावा लागतो.

उत्तरांत आकडे ऐका. ज्यांच्याकडे वर्षाला भरपूर गुडघे होतात त्यांच्याकडे गुंतागुंत कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आठवड्याला सरासरी एकही होत नसेल तर मी दुसरीकडे बघेन. "दोनशेपैकी तीन पुन्हा उघडले, दोन संसर्गामुळे, एक कडक झाला म्हणून," असं काही ऐकू आलं तर बसा. "माझ्याकडे शंभर टक्के यशस्वी होतात," असं आलं, किंवा पुन्हा उघडलेल्यांचा प्रश्न विचारल्याबद्दल चिडणं आलं, तर उठा. गर्दीच्या ओपीडीत त्रोटक बोलणारा सर्जन मी समजून घेईन. सरळ प्रश्नाचंही उत्तर न देणाऱ्याला नाही, कारण त्याच माणसाकडे दहाव्या दिवशी पाझरणारी जखम घेऊन जायचं आहे.

वर्षभराने काय करता येईल, याबद्दल मीही थोडं सांगून ठेवते. रात्रीचं दुखणं आणि चालतानाचं दुखणं, या दोहोंत सगळ्यात मोठा फरक पडतो. जिना चढणं सुधारतं, उतरणं त्याच्या मागून. गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो, ऑपरेशनआधी फारच कमी वाकत असेल तर त्याहूनही कमी. गुडघे टेकून बसणं बऱ्याच जणांना कायमचं नकोसं होतं, उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत वाकवण्याचे व्यायाम दुखतात म्हणून टाळले, तर गुडघा कडक होतो आणि भूल देऊन वाकवण्याची वेळ येऊ शकते. माझ्याकडे आलेल्या कित्येक 'फसलेल्या' ऑपरेशनांत सर्जनचं काम चोख होतं, घरच्यांनी मायेने पेशंटला अंथरुणावर ठेवलं होतं. हे वाचून मुलाला राग आला तरी चालेल. ऑपरेशन ठरण्याआधी 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' नावाचा बारा प्रश्नांचा कागद भरून घ्या, कुठल्याही फिजिओकडे मिळेल: दुखणं किती, रात्री झोपमोड होते का, गाडीत चढता-उतरता येतं का, जिना उतरता येतो का. एकूण गुण ४८, जितके जास्त तितका गुडघा चांगला. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तोच कागद पुन्हा भरा. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं की सर्जन कसे आहेत, तर उत्तर कागदावर असेल.

रोबोटबद्दल थोडक्यात. त्याने हाडाचे काप जास्त अचूक येतात. पण पेशंटला वर्षानुवर्षांनी जाणवेल असा ठळक फरक त्यामुळे पडतो, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. हातखंडा सर्जनकडे रोबोट असेल तर चांगलं. रोबोटसाठी सर्जन बदलू नका.

राहिला डावा गुडघा. 'अधूनमधून कुरकुरतो' या कारणासाठी कुणी गुडघा बदलत नाही, आणि वर तुमची साखर. दोन्ही एकदम केले की भूल एकदाच आणि व्यायामाचा काळ एकदाच, हे खरं. पण रक्त जास्त जातं, हृदय आणि फुप्फुसांवर ताण जास्त येतो, आणि टेकायला एकही धड पाय उरत नाही. दोन्ही गुडघे सारखेच गेलेल्या, बाकी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसासाठी तो विचार ठीक. तुम्ही उजवाच करा. उजव्याचं दुखणं गेल्यावर लंगडणं थांबतं, डाव्यावरचा भार कमी होतो आणि त्याची कुरकुर पुष्कळदा आपोआप उतरते. डाव्याचा उभ्याने काढलेला एक्स-रे मात्र आताच करून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.